वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : मोरटक्क्याचा जुना रेल्वेपूल

मागच्या अंकात होळकर रेल्वेवर एक छोटं टिपण होतं. त्यात इंदूर-खंडवा मार्गावरच्या, मोरटक्क्याजवळच्या नर्मदेच्या जुन्या पुलाचा उल्लेख दोन ओळींत आला होता. त्या दोन ओळींवर आलेली पत्रं इतकी आहेत की या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : महूहून मीटर गेजची गाडी बंद झाल्यापासून मोरटक्क्याचा जुना पूल नीट बघायचं मनात आहे. कधी जावं, कुठून बघावा आणि वर चढून चालता येईल का? (वाचक, लोकमान्यनगर, इंदूर)

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. महू ते ओंकारेश्वर रोड (मोरटक्क्याचं स्टेशन) ही मीटर गेज, म्हणजे एक मीटर अंतरावरच्या रुळांची, गाडी २०२३च्या सुरुवातीला थांबली. पण गाडी थांबली म्हणून पूल बेवारशी होत नाही. रूळ उचलले तरी जमीन, खांब आणि लोखंड रेल्वेचंच असतं. रेल्वे अधिनियम १९८९च्या कलम १४७ नुसार विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात इथे ब्रॉड गेजचं (रुंद रुळांचं) काम चालू असल्यामुळे क्रेन आणि अवजड सामानाची ये-जा असते.

कायदा बाजूला ठेवला तरी बंद पडलेल्या गर्डर (लोखंडी तुळयांच्या) पुलावर चालणं चालत्या पुलापेक्षा जास्त धोक्याचं असतं. रुळांखालचे लाकडी स्लीपर गर्डरच्या कडेला हुक बोल्टने पकडलेले असतात. मार्ग चालू असतो तेव्हा गँगमन हे बोल्ट तपासून कसत राहतात. बंद झाल्यावर ते सैल होतात किंवा काढले जातात. मग स्लीपर जागेवर दिसतो, पण त्याच्या टोकावर पाय पडला की तो तराजूच्या दांडीसारखा उलटतो. कडेच्या पायवाटेचे लोखंडी पत्रे खालच्या बाजूने गंजतात, कारण ओल खालून येते आणि तिथे ऊन पोचत नाही. वरून अखंड दिसणारा पत्रा म्हणूनच विश्वासाचा नसतो.

पूल बघायचा तो खालून आणि लांबून. खरं तर तसाच तो जास्त समजतो. इंदूरहून सिमरोल, भेरूघाट, बलवाडा, बडवाह असा रस्ता आहे. मोरटक्का साधारण ६५ ते ७० किलोमीटर पडतं. ओंकारेश्वर किंवा खंडव्याकडे जाणारी बस मोरटक्क्याला सोडते. घाटात ट्रकांची रांग लागली की अंदाज चुकतो, म्हणून पहाटे साडेपाच-सहाला निघालेलं बरं. नर्मदा इथे पूर्वेकडून पश्चिमेला वाहते आणि पूल उत्तर-दक्षिण आहे. त्यामुळे सकाळचं ऊन प्रवाहाच्या वरच्या अंगावर पडतं आणि दुपारनंतरचं खालच्या अंगावर. खांबांची टोकदार नाकं वरच्या अंगाला असतात, तेव्हा ती बघायला सकाळ हवी. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जाऊ नये. सप्टेंबर २०२३च्या पुरात मोरटक्क्याचा रस्त्याचा पूलही वाहतुकीला बंद करावा लागला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पुलापासून प्रवाहाच्या वरच्या बाजूला थोड्याच अंतरावर ओंकारेश्वर धरण आणि त्याचं ५२० मेगावॉटचं वीजघर आहे. जनित्रं सुरू झाली की खाली पाणी चढतं. त्याला पाऊस लागत नाही, ढग लागत नाही. सकाळी ज्या खडकावर डबा उघडला, तो दुपारी पाण्याखाली असू शकतो. एप्रिल २००५ मध्ये, भर उन्हाळ्यात, धाराजीच्या यात्रेत वरच्या धरणातून आलेल्या पाण्याने कित्येक भाविक वाहून गेले. नदी तीच आहे. धरणाचा भोंगा ऐकू आला तर सामान गोळा करत बसू नका, आधी काठ चढा. भोंगा नसला तरी पाण्याच्या कडेला एखादा दगड खूण म्हणून धरावा आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघावं.

खांबाच्या बुडाशी अंघोळीला उतरू नये. खांबाला आपटलेलं पाणी खाली वळतं आणि बुडाभोवती गोल फिरून तळ उकरतं. पुलाचा पाया ठरवताना खांबाच्या नाकाशी ही उकर साध्या प्रवाहाच्या दुप्पट धरण्याची रेल्वेची रीत आहे, यावरून तिचा जोर कळावा. दोन पावलांपूर्वी गुडघाभर असलेलं पाणी तिथे एकदम डोह होतं.

आणि आग्यामोहोळ. गर्डरखाली सावली असते, वारा लागतो आणि कोणी जात नाही, म्हणून जुन्या पुलांवर ती हमखास असतात. खाली शेकोटी नको, अत्तर-सेंट लावून जाणं नको, ड्रोन तर मुळीच नको. त्याच्या घरघरीने माश्या उठतात. उठल्याच तर हात झटकत उभं न राहता चेहरा झाकून सरळ लांब पळावं आणि गाडीत बसून काचा लावाव्यात. नांगी चिमटीत धरून ओढू नये, नखाने खरवडून काढावी. श्वास जड वाटला, ओठ सुजले किंवा डंख बरेच असले तर वेळ न घालवता बडवाहचं सरकारी रुग्णालय गाठावं.

प्रश्न : घरात वडीलधारी याला ‘होळकर पूल’ म्हणतात. पूल तर इंग्रज इंजिनिअरांनी बांधला ना? आणि आता दिसणारं लोखंड १८७६चंच आहे का? (वाचक, महू)

वडीलधाऱ्यांचं बरोबर आहे. १८७०मध्ये महाराज तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडव्यापासून इंदूरपर्यंत रेल्वे आणण्यासाठी एक कोटी रुपयांचं कर्ज देऊ केलं. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. मार्गाचं नाव होळकर स्टेट रेल्वे आणि पुलाचं होळकर-नर्मदा पूल. खंडवा ते सनावद हा पहिला तुकडा १ डिसेंबर १८७४ला मालवाहतुकीसाठी सुरू झाला, नर्मदेवरचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ला खुला झाला आणि १ जानेवारी १८७८पासून खंडवा ते इंदूर सगळा मार्ग चालू झाला. नोंदीत पुलाचं माप १४ गाळे (दोन आधारांमधली अंतरं), प्रत्येकी १९७ फूट असं येतं. म्हणजे २,७५८ फूट, जवळपास ८४१ मीटर.  घाट इतका अवघड असताना आणि नदी इतकी रुंद असताना एका संस्थानाच्या पैशावर हे काम उभं राहिलं, त्याची जाण इंदूरकरांनी ठेवायलाच हवी.

लोखंडाबद्दल मात्र सावध राहावं. खांबाचं वय आणि गर्डरचं वय एकच असतं असं नाही. इंजिनं जड होत गेली तसे देशभरातल्या कितीतरी पुलांवरचे गर्डर बदलले गेले आणि खांब तेच राहिले. म्हणून कुठल्याही जुन्या पुलावर दोन्हींची तपासणी वेगवेगळी करायची.

१८७०च्या दशकात पुलासाठी घडीव लोखंड वापरत. पोलाद रूढ झालं ते त्यानंतर. घडीव लोखंडात धातूमळीचे बारीक धागे असतात, त्यामुळे ते गंजताना थराथराने सुटतं, ओल लागलेल्या वहीची पानं फुगावीत तसं. पोलादाचा गंज खवल्यांसारखा किंवा खड्ड्याखड्ड्यांचा असतो. दुसरी खूण जोडाची. दोन्ही बाजूंना गोल डोकं असलेले रिव्हेट म्हणजे जुनं काम. सहाकोनी डोक्याचे बोल्ट मधूनच दिसले तर ती मागाहूनची दुरुस्ती. सलग वेल्डिंग असेल तर तो भाग बराच अलीकडचा. तिसरी खूण सगळ्यात खात्रीची : लाटलेल्या तुळयांच्या अंगावर कारखान्याचं नाव उठावाने आलेलं असतं. ‘टिस्को’ दिसलं तर तो तुकडा १९१२च्या आधीचा असणं शक्य नाही, कारण टाटांच्या जमशेदपूरच्या कारखान्यात पोलाद त्या वर्षी निघू लागलं. ‘डॉर्मन लाँग’ असेल तर माल विलायतेचा. ही अक्षरं रंगाच्या थरांखाली दबलेली असतात आणि समोरून पडणाऱ्या उन्हात दिसत नाहीत. ऊन तिरपं, गर्डरला घासून जात असेल त्या अर्ध्या-पाऊण तासात ती उठून येतात. दहा पट मोठं दाखवणारी दुर्बीण किंवा २०० मिलिमीटरच्या पुढची लेन्स सोबत हवी.

गर्डर जिथे खांबावर टेकतो ती जागाही जरूर बघा. एक टोक घट्ट असतं, दुसऱ्याखाली रोलर किंवा सरकणारी पाटी असते. ६० मीटरचा गर्डर थंडीच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत, लोखंडाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर, जवळजवळ २९ मिलिमीटर लांबतो. त्या २९ मिलिमीटरना जागा मिळाली नाही तर गर्डर खांबालाच ढकलतो. देखभाल थांबलेल्या पुलावर रोलरमध्ये धूळ आणि पक्ष्यांच्या घरट्यांचं गवत भरतं, रोलर अडकतो, आणि खालच्या दगडाला कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. अशी भेग दिसली तर ती बहुधा पुराने नाही, उन्हाने गेलेली असते.

प्रश्न : मी स्थापत्य शाखेचा विद्यार्थी आहे. पुलाला हात न लावता खांबाची उंची आणि गाळ्याची लांबी कशी मोजावी? नोंदीतल्या आकड्याशी माझा आकडा जुळत नाही. (वाचक, राजेंद्रनगर, इंदूर)

आधी मोजणीतली नेहमीची चूक. १४ गाळ्यांना खांब १३ लागतात. दोन टोकांना काठावरचे टेकू, म्हणजे अबटमेंट, असतात. ते खांबांत धरले की हिशेब पंधरावर जातो आणि मग गाळ्याची लांबी चुकते.

गाळा मोजायला उपग्रह नकाशातली मोजपट्टी पुरते, पण एक गाळा मोजू नका. टोकापासून टोकापर्यंत सगळं अंतर घ्या आणि १४ने भागा. खूण ठेवताना पाच फुटांची चूक झाली तर एका गाळ्यावर ती पाच फुटांचीच राहते, चौदांवर वाटली की साडेचार इंचही उरत नाही. शिवाय तुम्ही खांबाच्या मध्यापासून पुढच्या खांबाच्या मध्यापर्यंत मोजलंय की दोन खांबांमधली मोकळी जागा, हे वहीत लिहून ठेवा. या दोन मापांत एका खांबाच्या जाडीचा फरक असतो. न जुळणाऱ्या आकड्यांचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

उंचीसाठी तीन रीती आहेत. काठाजवळचा खांब कोरड्या, सपाट जमिनीवर असेल तर सावली : एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा, काठीची आणि खांबाची सावली एकाच वेळी मोजा, खांबाच्या सावलीला काठीच्या सावलीने भागा. उतारावर किंवा पाण्यात सावली पडत असेल तर ही रीत सोडून द्या. दुसरी कोनाची : मोबाइलमधल्या कोनमापकाने खांबाचं डोकं ४५ अंशांवर दिसेपर्यंत मागे सरका. त्या जागेपासून बुडापर्यंतचं अंतर, अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, म्हणजे खांबाची उंची. ८० फुटांचा खांब आणि पाच फुटांवर डोळे असतील तर तुम्ही ७५ फुटांवर उभे असायला हवे. यात जमीन सपाट आहे हे गृहीत आहे. बूड तुमच्या पायांच्या पातळीपेक्षा जितकं खाली असेल तितकं उत्तर कमी येतं.

तिसरी रीत थर मोजण्याची, आणि घडीव दगडाच्या खांबाला ती फार छान लागू पडते. हाताशी असलेल्या पाच-सहा थरांची सांध्यासकट उंची मोजून सरासरी काढा, मग फोटो मोठा करून वरपर्यंत थर मोजा. समजा थर १५ इंचांचा आणि थर ६४ : ९६० इंच, बरोबर ८० फूट. काही खांबांत वरचे थर पातळ होत जातात, तेव्हा मधल्या भागाचाही अंदाज घ्या. फोटो मोठा केला की बऱ्याच दगडांच्या तोंडावर मधोमध एक छोटी खोबण दिसेल. दगड वर चढवताना चिमट्याचं टोक तिथे अडकवत.

आता तुमचा आकडा का जुळत नाही ते. मोरटक्क्याच्या खांबांची ८० फूट ही नोंद ‘नदीच्या नीचतम पाण्यापासून’ आहे. ते पाणी १८७०च्या दशकातलं. आज वर धरणं आहेत आणि हिवाळ्यातली पातळी वीजघराच्या पाळ्यांवर ठरते. तेव्हा पाण्यापासून मोजून काही फुटांचा फरक आला तर तो तुमचा दोष नाही. अहवालात मोजणीची तारीख आणि वेळ लिहा, आणि शक्य असेल तर खांबावर रंगवलेल्या पूररेषेपासून खाली किती अंतर होतं तेही. रेल्वेच्या पुलावर क्रमांकाशेजारी प्रवाहाची दिशा दाखवणारा बाण असतो आणि पूररेषा व धोक्याची पातळी आखलेली असते. रेषा पुसट असली तरी ओळखता येते.

प्रश्न : आमच्याकडे भरूचचा गोल्डन ब्रिजही जुना रेल्वेपूल म्हणतात. तो आणि मोरटक्का यांत फरक काय? (वाचक, वडोदरा)

नदी एकच, नशीब वेगळं. भरूचचा पूल १८८१चा. त्याच्या शेजारी १९३५मध्ये रेल्वेचा नवा पूल झाला आणि जुना रस्त्याच्या वाहतुकीला मिळाला, म्हणून त्याची डागडुजी पुढेही होत राहिली. जुन्या रेल्वेपुलाला दुसरं काम मिळालं की तो टिकतो. राजमहेंद्रीचा गोदावरीवरचा १९००चा हॅवलॉक पूल १९९७मध्ये गाड्यांसाठी बंद झाला आणि त्याला अशी रस्त्याची वाहतूक मिळाली नाही. मोरटक्क्याला जाऊन आल्यावर भरूच बघा. खाऱ्या वाऱ्याने, भरती-ओहोटीने लोखंड कसं वेगळं गंजतं, ते लगेच नजरेत भरेल.

प्रश्न : नातवंडांना आणि गुडघेदुखी असलेल्या सासूबाईंना जुने पूल-बोगदे दाखवायचे आहेत. पातालपाणी ते कालाकुंड मार्ग बंदच आहे तर रुळांवरून चालत जाता येईल ना? (वाचक, सुदामानगर, इंदूर)

ताई, कृपया जाऊ नका. हा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. ब्रॉड गेजची नवी आखणी वेगळ्या वाटेने गेल्यामुळे पातालपाणी-कालाकुंड हा साडेनऊ किलोमीटरचा मीटर गेजचा तुकडा जपून ठेवला आहे आणि त्यावर २५ डिसेंबर २०१८पासून हेरिटेज गाडी सुरू झाली. हंगामात ठरावीक दिवशीच धावते, म्हणून मधल्या दिवसांत रूळ सुनसान दिसतात आणि लोक त्यावर सेल्फी काढतात. देखभालीची ट्रॉली किंवा इंजिन मात्र केव्हाही येऊ शकतं. वळणं तीव्र आहेत, बोगद्यात अंग चोरून उभं राहायलाही जागा पुरत नाही.

त्यापेक्षा त्याच गाडीने जा. ४० फुटांना एक फूट असा चढ, चार बोगदे आणि दरीवरचे पूल हे सगळं खिडकीतून दिसतं आणि सासूबाईंना घाटात चालावं लागत नाही. चाळीसला एक हा रेल्वेसाठी फारच खडा चढ. म्हणूनच कालाकुंडहून वर येणाऱ्या गाड्यांना मागून जोर लावायला जादा इंजिन जोडत. गाडीचे दिवस आणि वेळ पश्चिम रेल्वेचं रतलाम मंडळ जाहीर करतं. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या जागा पटकन भरतात, त्यामुळे तिकीट आधी काढा. पातालपाणीच्या धबधब्याजवळ मुलांना कठड्याच्या आतच ठेवा. जुलै २०११मध्ये वरून अचानक आलेल्या लोंढ्यात तिथे माणसं गेली आहेत, आणि त्या क्षणी धबधब्यावर पाऊस असलाच पाहिजे असं नाही. कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद मिळतो, तो मात्र चुकवू नका.

प्रश्न : आठवण म्हणून जमिनीवर पडलेला एखादा रिव्हेट किंवा रुळाचा तुकडा आणला तर चालेल का? (वाचक, वैशालीनगर, इंदूर)

चालणार नाही. गंजलेला, पडलेला असला तरी तो रेल्वेचा माल आहे, आणि १९६६च्या रेल्वे संपत्ती (अवैध ताबा) कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाही पाच वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. रिव्हेटशेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, मापही कळेल.

प्रश्न : आमचं पंधरा-वीस जणांचं मित्रमंडळ आहे. जुन्या रेल्वेपुलांच्या खांबांवर पिंपळ उगवलेत, दगडांमधले सांधे सुटलेत. श्रमदानाने झाडं उपटून सिमेंट भरावं असा विचार आहे. साहित्य किती लागेल? (वाचक, परदेशीपुरा, इंदूर)

तुमची तळमळ मोलाची आहे, पण साहित्याचा हिशेब आम्ही देणार नाही, कारण या दोन्ही कामांनी खांबाचं नुकसानच होईल.

पिंपळाचं मूळ सांध्यात शिरताना सुतळीएवढं असतं, आत गेल्यावर मनगटाएवढं होतं. तोवर आजूबाजूचे दगड त्याच्यावरच टेकलेले असतात. ते ओढून काढलं की दोन-तीन दगड सोबत येतात आणि मागची भरणी उघडी पडते. वीतभर रोप पावसाळ्यानंतरच्या ओलीत हाताने निघतं. त्याहून मोठं झाड खोडाशी कापून, बुंध्यावर औषध लावून, मूळ आतच मरू द्यावं लागतं आणि मग पोकळी भरावी लागते. हे काम परांची बांधून, जाणकाराच्या देखरेखीखाली, रेल्वेच्या परवानगीनेच व्हायला हवं.

सिमेंटचं कारण वेगळं. त्या काळचा सांधा चुना आणि सुरखीचा (भाजलेल्या विटांच्या पुडीचा) असतो. चुना मऊ असतो, थोडा हलू देतो, आणि दगडात शिरलेली ओल सांध्यातून बाहेर टाकतो. वरून सिमेंट भरलं की ओलीची वाट बंद होते. मग ती दगडातून बाहेर पडू लागते आणि दोन-चार पावसाळ्यांत दगडाच्याच कडा फुटतात. सिमेंटची रेघ मात्र शाबूत राहते. जुन्या खांबांवर राखाडी रेघा उठून दिसतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंचा दगड आत गेलेला असतो, ते याचंच लक्षण. चुन्याचा सांधा पांढुरका असतो, त्यात न विरघळलेल्या चुन्याचे बारीक खडे दिसतात, आणि सुरखीमुळे किंचित लालसर झाक येते.

वीस माणसं असतील तर दुसरं एक काम करा, त्याची फार गरज आहे. ब्रॉड गेजच्या कामात जुन्या वस्तू हलत राहतात, तेव्हा प्रत्येक खांबाची नोंद आजच व्हायला हवी. दोघादोघांच्या जोड्या करा. उत्तर काठाच्या अबटमेंटला शून्य धरून खांबांना क्रमाने आकडे द्या, आणि वरच्या व खालच्या अंगाचे फोटो वेगळे ठेवा. प्रत्येक खांबाचे चार फोटो : पूर्ण खांब, टोकदार नाक, गर्डर टेकतो ती जागा, आणि पाण्याची रेषा. काठावरच्या एका ठरलेल्या खुणेवरून, त्याच लेन्सने, दर सहा महिन्यांनी, पावसाळ्याआधी मे महिन्यात आणि पावसाळ्यानंतर नोव्हेंबरमध्ये. फाइलच्या नावात खांबाचा आकडा, बाजू आणि तारीख घाला, नाहीतर तिसऱ्या फेरीला कोणता खांब कुठला हे ओळखू येत नाही. नवी भेग, नवं झाड किंवा निसटलेला दगड दिसला तर दोन तारखांचे फोटो शेजारी लावून रतलाम मंडळाच्या कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या.